ब्रॅडलॉ–बेझंट खटला

संततिनियमनाची माहिती देणारी पुस्तिका विकल्याबद्दल इंग्लंडातले निरीश्वरवादी पुढारी चार्ल्स ब्रॅडलॉ आणि त्यांच्या सहकारी ॲनी बेझंट यांच्यावर जून १८७७ मध्ये लंडनला चाललेला अश्लीलतेचा खटला. होमरूल चळवळीमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या बेझंटबाई त्या याच.

‘फ्रूट्स ऑफ फिलॉसॉफी’ ही पुस्तिका चार्ल्स नोल्टन या अमेरिकन डॉक्टरची, १८३२ सालची. इंग्लंडात ती चाळीसेक वर्षे बिनबोभाट विकली जात होती. मग ब्रिस्टलच्या एका विक्रेत्याला शिक्षा झाली, प्रकाशकाने गुन्हा कबूल केला, आणि या दोघांनी ती मुद्दाम नव्याने छापली. विक्रीची जागा आणि वेळ अधिकाऱ्यांना आधीच कळवली. २४ मार्चला पहिल्या वीस मिनिटांत पाचशे प्रती गेल्या. किंमत सहा पेन्स. सरकारी वकिलाने नेमके या स्वस्ताईवर बोट ठेवले. एवढ्या पैशांत पुस्तिका मजुराच्या घरातही पोचणार होती.

बेझंट तेव्हा २९ वर्षांच्या. वकील न देता त्या स्वतः उभ्या राहिल्या. समोर सरन्यायाधीश कॉकबर्न, ज्यूरीत सगळे पुरुष. आपण शेकडो गरिबांचे वकीलपत्र घेऊन बोलतो आहोत, असे त्यांनी सांगितले. एका खोलीत कोंबलेली कुटुंबे, दगावणारी तान्ही मुले, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून मूल मोठे झाले तरी अंगावर पाजत राहणाऱ्या आणि त्यात खंगणाऱ्या बायका. असे बोलणे भर कोर्टात एका बाईच्या तोंडून निघाले, यातच या खटल्याचे मोठेपण आहे.

ज्यूरीने पुस्तिका नीती बिघडवणारी ठरवली, आरोपींचा हेतू मात्र निर्मळ मानला. शिक्षा झाली सहा महिने कैद आणि दंडाची. फेब्रुवारी १८७८ मध्ये अपिलात ती रद्द झाली, तीही आरोपपत्रात आक्षेपार्ह शब्द दिले नव्हते म्हणून. पुस्तिका अश्लील की नाही, हा प्रश्न तसाच राहिला. तोवर खप लाखाच्या वर गेला होता.

वाईट प्रभावाला बळी पडू शकणाऱ्या मनावर मजकुराचा काय परिणाम होईल, ही अश्लीलता ठरवण्याची, इंग्लंडातल्या १८६८ च्या हिक्लिन खटल्याच्या निकालातली कसोटी पुढे भारतातही चालली. मुंबईत १९२१ साली संततिनियमन केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरही अश्लीलतेचे खटले झाले, १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर वकील म्हणून त्यांच्या बाजूने उभे राहिले.

पाद्री असलेल्या नवऱ्यापासून बेझंट आधीच वेगळ्या राहत होत्या. १८७८ मध्ये कोर्टाने त्यांची मुलगी मेबल हिचा ताबा नवऱ्याकडे दिला. आईची मते आणि ही पुस्तिका तिच्याविरुद्ध धरली गेली. मेबल सज्ञान झाल्यावर आईकडे परत आली.