‘जुनी’ येनेव्हर म्हणजे मुरवलेली येनेव्हर नव्हे

अ‍ॅमस्टरडॅम किंवा स्खिडाम येथे ‘औडे’ (जुनी) आणि ‘योंगे’ (नवी) अशा येनेव्हर या डच मद्याच्या बाटल्या पाहून पहिली वर्षानुवर्षे पिंपात मुरवलेली असणार, असे प्रवासी समजतात; परंतु हा भेद वयाचा नसून कृतीचा आहे. धान्याच्या आंबवणापासून गाळलेल्या, दाट चवीच्या माल्टवाइनचे प्रमाण औडेत किमान १५ टक्के असावे लागते, तर विसाव्या शतकात रुळलेल्या योंगेत ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि उरलेला भाग जवळजवळ बेचव मद्यार्काचा असतो. जुनिपर या सुगंधी झुडपाची फळे दोन्हींत असतातच. या पेयाची मूळ ओळख माझ्या मते औडेतच सापडते. मात्र मुरवलेलीच हवी असल्यास लेबलावर तसा स्वतंत्र उल्लेख शोधावा.