तबल्याची पुडी बदलणे

हाताने वाजवायच्या चर्मवाद्याचे जीर्ण झालेले कातडे उतरवून त्याजागी नवे चढवण्याच्या कारागिरीला पुडी बदलणे किंवा पुडी चढवणे म्हणतात. डग्गा, पखवाज, ढोलकी या वाद्यांनाही या कामाची गरज पडते. परंतु तबल्याच्या बाबतीत ते विशेष नाजूक ठरते, कारण तबला ठरावीक स्वरात मिळवावा लागतो आणि त्या स्वराची शुद्धता बहुतांशी पुडीवर अवलंबून असते. शिसम, खैर यांसारख्या लाकडाचे खोड, म्हणजे तबल्याचा पोकळ लाकडी भाग, नीट सांभाळले तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पुडी मात्र वाजवता वाजवता झिजते.

पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. मधल्या मुख्य पानाच्या कडेला वरून मधला भाग कापून काढलेल्या दुसऱ्या कातड्याचे गोल कडे बसवतात, ती चाट. खालूनही कडेला कातड्याची भरती देतात. हे सर्व थर कातडी पट्ट्यांच्या वेणीत म्हणजे गजऱ्यात गुंफलेले असतात. गजऱ्याला 16 घरे असतात आणि त्यांतून ओवलेली वादी म्हणजे कातडी पट्टी खोडाच्या बुडाशी असलेल्या कड्यापर्यंत जाऊन पुन्हा वर येते. चाट आणि मधली काळी शाई यांच्या दरम्यान उघड्या राहिलेल्या पट्ट्याला लव किंवा मैदान असे नाव आहे.

पुडीचा प्राण शाईत असतो. लोखंडाच्या किटाची बारीक पूड भाताच्या किंवा कणकेच्या खळीत मळून तिचा पातळ थर पुडीवर देतात आणि गुळगुळीत दगडाने तो घोटत राहतात. तो आळला की पुढचा थर, आधीच्यापेक्षा थोडा लहान. घोटताना शाईवर केसासारख्या भेगांचे जाळे पडते. नवख्याला तो दोष वाटतो, पण या भेगांमुळेच कडक शाई कातड्याबरोबर लवते आणि पुडी मोकळी बोलते. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुसंवादी नसतात. मधोमध दिलेल्या या भारामुळे ते सुसंवादी होतात. ही गोष्ट चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली आणि 1934 मध्ये सविस्तर लेख लिहून स्पष्ट केली. डग्ग्याची शाई मात्र मध्याऐवजी एका बाजूला सरकवून लावतात.

चाट फाटणे, शाईची खपली निघणे किंवा शाई कातड्यापासून सुटून खरखर येणे ही पुडी संपल्याची लक्षणे होत. कातडे शाबूत असेल तर जुनी शाई खरवडून नवी लावता येते. पण ताण सोसून सैलावलेल्या कातड्याला नव्या शाईचा फारसा उपयोग होत नाही.

नवी पुडी निवडताना खोडाच्या तोंडाचे माप नेमके घ्यावे लागते. टिपेच्या तबल्याचे तोंड लहान असते आणि ढाल्या स्वराच्या तबल्याचे मोठे. त्यामुळे एकाची पुडी दुसऱ्याला चालत नाही. जुनी पुडी उतरवताना आधी वादीखाली ताणासाठी सारलेले लाकडी गठ्ठे ठोकून बाहेर काढतात, मग वादीची गाठ सोडून ती घराघरातून मोकळी करतात. खोडाचा काठ या वेळी बोट फिरवून तपासला पाहिजे, कारण तिथला लहानसा टवका नव्या पुडीतही बेसूर होऊन ऐकू येतो. नव्या पुडीचा गजरा आणि कडा ओलसर करून घेतात. शाईला मात्र पाण्याचा स्पर्श होऊ देत नाहीत.

वादी ओवताना प्रथम ती सैलच ठेवतात. मग कारागीर जमिनीवर बसून तबला दोन्ही तळपायांत घट्ट धरतो, वादीचा पदर लाकडी दांडक्याला गुंडाळतो आणि अंग मागे टाकून एकेक पदर ओढत पुढच्या पदराकडे जातो. असे फेरे अनेकदा करावे लागतात. एका बाजूला जोर जास्त पडला तर शाई मध्यापासून सरकते आणि पुढे हातोडीने कितीही ठोकले तरी घरे जुळत नाहीत. ताण पुरेसा आला की वादीखाली आठ गठ्ठे सारतात. त्यानंतर प्रत्येक घरावर बोटाने आघात करून, समोरासमोरची घरे जुळवत, गजऱ्यावर हातोडीचे हलके ठोके देऊन सोळाही घरे एका स्वरात आणतात. हे काम पूर्णपणे कानाचे आहे, आणि उत्तम वादकालाही चांगल्या कारागिरासाठी गाव ओलांडून जावे लागते ते यामुळेच.

पखवाजाची वादी दोन्ही तोंडांना सामाईक असते. म्हणून एक पुडी बदलायची तरी दुसरीचा ताण सोडावा लागतो. त्याच्या डाव्या तोंडाला कायमची शाई नसते, वादनापूर्वी ओली कणीक लावतात. गोव्याच्या घुमटाच्या बाबतीत कातड्याचा प्रकारच बदलावा लागला. या मातीच्या वाद्यावर परंपरेने घोरपडीचे कातडे मढवत असत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यामुळे आता बकऱ्याचे कातडे वापरतात.

कृत्रिम आच्छादनांचा वापरही वाढला आहे. गणेशोत्सवातील ढोलांवर फायबरची पाने रूढ झाली, कारण पावसात भिजलेले कातडे सैल पडते. बेंगळुरूचे के. वरदरंगन यांनी मृदंगासाठी कृत्रिम पुडी विकसित केली. हवामानाचा परिणाम अशा पुडीवर कमी होतो, ही तिची मोठी सोय आहे. तथापि तबल्याच्या मैफलीत आजही बकऱ्याच्या कातड्यालाच पसंती आहे.

नवी पुडी चढवल्यावर काही दिवस तिचा स्वर पुन्हापुन्हा उतरतो. कातडे आणि वादी ताणून स्थिरावेपर्यंत तबला रोज थोडा वाजवावा, लागेल तसा मिळवावा आणि इष्ट स्वरापर्यंत हळूहळू चढवत न्यावा.