दाखला कुठला आणि रूपक कुठलं?

चांगल्या शमरोन्यावर उपदेश झाला त्या रविवारी, उपासना सुटल्यावर एका आजींनी मला हाताला धरून बाजूला नेलं. येशूनं सांगितलेल्या त्या गोष्टीत, लुटारूंनी अर्धमेलं करून टाकलेल्या माणसाला एक परका शमरोनी उतारशाळेत नेतो आणि त्याच्या देखभालीसाठी रखवालदाराला दोन दीनार देतो. “अगं, त्या दोन दीनारांचा अर्थ काय धरायचा?” आजवर त्यांनी तीन ठिकाणी तीन अर्थ ऐकले होते. एकानं सांगितलं, जुना करार आणि नवा करार. दुसऱ्यानं सांगितलं, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तिसरा म्हणाला, देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती. सगळंच चांगलं, पण खरं कुठलं?

मी म्हटलं, “आजी, दीनार म्हणजे त्या काळची मजुराची एका दिवसाची मजुरी. मत्तयाच्या २०व्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुरांना तेवढीच ठरवलीय बघा.” आजींचं आयुष्य दुसऱ्याच्या रानात खुरपण्यात गेलेलं. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे परक्या माणसापायी दोन रोज घातले की त्यानं.”

आजींना जे एका क्षणात दिसलं, ते त्या तीन अर्थांखाली इतकी वर्षं झाकून राहिलं होतं. असं होतं, कारण दाखला, म्हणजे येशूनं सांगितली तशी बोधकथा, आणि रूपक या दोन गोष्टी आपण एकच समजून चालतो.

दाखला हा शब्द चर्चबाहेरही आपण रोज वापरतो. बोलता बोलता ‘दाखला देणं’ म्हणजे समोरच्याला नाकारता येणार नाही असं एक उदाहरण त्याच्यापुढं ठेवणं. तहसील कचेरीतून आणतो तोही दाखलाच, आणि तो ज्या कामाचा त्याच कामाला चालतो. उत्पन्नाचा दाखला जातीच्या दाखल्याच्या जागी कोणी घेत नाही. येशूचे बहुतेक दाखले मला असेच वाटतात. गोष्ट अख्खी असते, तिच्यात माणसं, जनावरं, पैसे, रस्ते सगळं असतं, पण ती ऐकणाऱ्याला एका जागी नेऊन उभं करते.

रूपकाची चाल वेगळी. एकनाथ महाराजांचं विंचवाचं भारूड आठवा. विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्यावर उतारा सत्त्वगुणाचा. तिथं एकेका वस्तूमागं दुसरं काहीतरी उभं असतं, आणि ते रचणाऱ्यानंच उभं केलेलं असतं. शास्त्रातही, म्हणजे बायबलातही, अशी रूपकं आहेत. यशयाच्या ५व्या अध्यायातला द्राक्षमळा म्हणजे इस्राएलाचं घराणं, हे संदेष्टा स्वतःच ७व्या वचनात सांगून टाकतो. गलतीकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात प्रेषित पौल अब्राहामाच्या घरातल्या हागार आणि सारा यांच्याकडे दोन करार म्हणून बघतो. तेव्हा रूपक हलकं आणि दाखला भारी, असं माझं म्हणणं अजिबात नाही. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावली की मात्र कुलूप बिघडतं.

हे नीट पाहायचं तर २ शमुवेल, १२वा अध्याय उघडा. दावीद राजानं उरीयाची बायको बथशेबा आपल्याकडं आणली आणि उरीयाला लढाईत पुढं धाडून मारवलं. मग नाथान संदेष्टा येतो आणि सरळ आरोप न करता गोष्ट सांगतो. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. श्रीमंताकडं शेरडामेंढरांचे आणि गुराढोरांचे कळप. गरिबाकडं विकत घेऊन वाढवलेली एकच लहानशी मेंढी. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्याच पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत निजायची, लेकीसारखी. श्रीमंताकडं पाहुणा आला. त्यानं स्वतःचं एकही जनावर न कापता त्या गरिबाची मेंढी ओढून आणली आणि पाहुण्याला रांधून घातली.

आता ही गोष्ट रूपक म्हणून सोडवून बघा. मेंढी म्हणजे बथशेबा? पण बथशेबा मारली गेली नव्हती. मारला गेला उरीया, म्हणजे गोष्टीतला गरीब माणूस, आणि गोष्टीत तर तो जिवंत आहे. बरं, पाहुणा कोण? पाहुण्याला जोडीदार सापडतच नाही. एकेक वस्तू जुळवायला बसलो की गोष्ट हातातून निसटते. पण दावीद काही जुळवत बसला नाही. तो संतापला, त्या माणसानं चौपट भरून द्यावं म्हणाला, तो मरणाच्याच लायकीचा म्हणाला. तेवढ्यात नाथान म्हणतो, “तो मनुष्य तूच आहेस.” दाखल्याचं सगळं काम या चार शब्दांत होतं. दावीदानं गोष्टीचा अर्थ आधी ओळखला असता तर तो सावध झाला असता. तो ओळखू शकला नाही म्हणून त्यानं स्वतःचा निकाल स्वतःच्या तोंडानं दिला.

शमरोन्याच्या गोष्टीवर मात्र रूपकाचे थर फार आधीपासून चढत गेले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) यांनी ती अशी उलगडली: जखमी माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, लुटारू म्हणजे सैतान आणि त्याचे दूत, शमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळा म्हणजे ख्रिस्तसभा, उतारशाळेचा रखवालदार म्हणजे पौल. दोन दीनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. आजींनी ऐकलेला तिसरा अर्थ तिथलाच. ऑगस्टीन यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जखमी मानवाला ख्रिस्तानं उचललं, हे त्यांनी सांगितलेलं सत्य शास्त्रात इतर ठिकाणी स्पष्ट लिहिलेलं आहे आणि माझा त्यावर विश्वास आहे.

पण लूकच्या १०व्या अध्यायात, जिथं ही गोष्ट येते, तिथं जखमी मानवाला कोण वाचवतं असा प्रश्न येशूला कोणी विचारलेलाच नव्हता. शास्त्र्याचा, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडिताचा, प्रश्न होता, “माझा शेजारी कोण?” त्यावर ही गोष्ट आली, आणि शेवटी उत्तर मिळालं, “जा आणि तूही तसेच कर.” यरुशलेमहून यरीहोची वाट साधारण २५ ते ३० किलोमीटरची, आणि तेवढ्यात ती सुमारे १००० मीटर खाली उतरते, ओसाड डोंगरातून. त्या वाटेवर याजक पुढं गेला, मंदिराचा सेवक असलेला लेवी पुढं गेला आणि थांबला तो यहूद्यांना नकोसा असलेला शमरोनी. शमरोनी म्हणजे फक्त ख्रिस्त असं धरलं की ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. तो जखमी होऊन पडून राहतो आणि “तूही तसेच कर” हे वाक्य कोणालाच लागू होत नाही. मला याचं वाईट वाटतं, कारण आपल्या गावांत शमरोनी कोण आणि याजक कोण हे सगळ्यांना चांगलं माहीत असतं.

लूकच्या १८व्या अध्यायातल्या, न्यायाधीशाकडं पुन्हा पुन्हा न्याय मागणाऱ्या विधवेचा दाखला तर रूपक म्हणून वाचताच येत नाही. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची पर्वा करत नाही. तोच देव असं कोण म्हणेल? असा माणूससुद्धा शेवटी न्याय देतो, तर देव किती अधिक देईल, एवढंच तिथं सांगायचं आहे.

मग सगळे दाखले एकाच मुद्द्याचे का? जर्मन अभ्यासक अडॉल्फ युलिशर यांनी १९व्या शतकाच्या अखेरीस जवळपास तसंच मांडलं, आणि ऑगस्टीन यांच्या वाटेनं जाणाऱ्यांना मोठा लगाम बसला. लगाम हवाच होता, पण त्यांनी तो जरा जास्तच ओढला असं मला वाटतं. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे वचन, पाखरं आली म्हणजे सैतान आला, काटेरी झुडपं म्हणजे संसाराच्या चिंता आणि धनाचा मोह, असा उलगडा मार्कच्या ४थ्या अध्यायात येशूच्याच तोंडी आहे. युलिशर तो उलगडा नंतरच्या मंडळीनं जोडला असं मानत. मी मजकूर जसा आहे तसा घेते. जिथं शास्त्रानंच किल्ली दिली आहे तिथं ती वापरायची, जिथं दिली नाही तिथं आपण घडवायची नाही.

याच दाखल्यावर आमच्याकडच्या एका शेतकरीदादांनी शंका काढली होती: वाटेवर आणि खडकावर बी सांडणारा हा कसला शेतकरी? त्यांच्या डोळ्यांपुढं पाभर होती. पाभरीच्या नळ्यांतून बी नेमकं तासात पडतं. गोष्टीतला शेतकरी बी हातानं फोकतोय, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा खुलला. फोकलेलं बी बांधावरही जातं, वाटेवरही जातं, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रोजच्या जगण्यातून बोध शोधतानाही हाच घोळ होतो, आणि तिथं तर किल्ली द्यायला शास्त्रही नसतं. एक वस्तू म्हणजे कायम एकच अर्थ, असा कोश काही जण मनाशी धरून बसतात. खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) म्हणजे पाप, हे त्यातलं नेहमीचं. परूशी आणि सदूकी या यहूदी पंथांच्या खमिराविषयी जपा असं येशू म्हणतो, पौलही करिंथकरांना जुनं खमीर काढून टाकायला सांगतो, हे खरंच. पण मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचं राज्यच खमिरासारखं आहे. एक बाई ते तीन मापं पिठात लपवते. तीन मापं म्हणजे एका घराच्या भाकरीचं पीठ नाही, लग्नघराचं. त्या सगळ्या पिठाला ते फुगवतं. कोश घेऊन बसलेल्याला इथं देवाचं राज्य म्हणजे पाप म्हणायची वेळ येते.

रविवारच्या शाळेत हा दाखला घेताना मी खमीर आणलं नाही, कारण आमच्या घरांत ते नसतं. शनिवारी संध्याकाळी मुलांसमोर कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, पातेलं झाकून फडक्यात गुंडाळलं. मदतीला आलेल्या ताई हौसेनं म्हणाल्या, “दूध म्हणजे आपलं हृदय, पातेलं म्हणजे शरीर, फडकं म्हणजे पवित्र आत्मा, असं सांगूया का?” मी म्हटलं, “ताई, आज फक्त विरजण राहू द्या.”

रविवारी सकाळी झाकण काढलं तर दही घट्ट लागलं होतं. मुलांनी वाटीत घेऊन खाल्लं. एक सात वर्षांचा मुलगा मात्र चमचा घेऊन पातेल्यात वाकला होता. काल घातलेलं विरजण कुठं गेलं ते त्याला पाहायचं होतं. त्यानं वरची साय बाजूला केली, कडेनं खरवडलं, तळापर्यंत चमचा नेला. जिकडं बघावं तिकडं दहीच.