‘४०० इन १’च्या डबीत दडलेलं यंत्र

संक्रांतीला सोलापुरात होम मैदानावर गड्डा यात्रा भरली की खेळण्यांच्या स्टॉलवर एक डबी दिसते. आकार जुन्या गेम बॉयसारखा, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या हातात धरून खेळायच्या यंत्रासारखा, खोक्यावर ठळक ‘४०० इन १’, किंमत खिशाला परवडणारी. घेणाऱ्याला वाटतं, ही गेम बॉयची नक्कल. पण आतलं यंत्र बहुधा गेम बॉयचं नसतंच. ते असतं फॅमिकॉमचं, म्हणजे निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या, टीव्हीला जोडायच्या यंत्राचं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट खोचून खेळायचे जे ‘टीव्ही गेम’ आले, त्यातले बरेचसे याच कुळातले.

मूळ फॅमिकॉममध्ये दोन मुख्य चिप होत्या. एक हिशेब आणि आवाज सांभाळायची, दुसरी चित्र काढायची. पुढे ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की हा सगळा संसार सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर मावू लागला. डबी उघडली तर सर्किट बोर्डावर काळ्या इपॉक्सीचा, म्हणजे कडक होणाऱ्या डिंकासारख्या पदार्थाचा, वाळलेला थेंब दिसतो, त्याच्याखाली अख्खा फॅमिकॉम असतो. चिपला वेगळं आवरण नाही, धातूचे पाय नाहीत, म्हणून ती इतकी स्वस्त.

नक्कल करताना चुकाही झाल्या. फॅमिकॉम चौकोनी लहरींतून सूर काढतो. लहर एका आवर्तनात किती वेळ वर राहते, यावर आवाजाचा पोत ठरतो. पाव वेळ वर राहिली तर आवाज बारीक, अर्धा वेळ राहिली तर भरीव. अनेक नकली चिपमध्ये या दोन पोतांची अदलाबदल झालेली आहे. म्हणून ओळखीची धून सुरात असते, पण कानाला परकी वाटते. आणि ‘४००’ या आकड्यावर मुळीच भाळू नये. अशा यादीत तोच गेम वेगळ्या नावाने किंवा पुढच्या लेव्हलपासून सुरू करून पुन्हा पुन्हा मोजलेला असतो.

खरा गेम बॉय आला १९८९ मध्ये. तो घडवणारे गुनपेई योकोई यांचा आग्रह होता की स्वस्त आणि मुरलेलं तंत्रच कल्पकतेने वापरायचं. म्हणून त्याला रंग नव्हते, फक्त चार छटा, आणि पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. पुढच्याच वर्षी आलेलं सेगा या दुसऱ्या कंपनीचं गेम गिअर रंगीत होतं, पण त्याचे सहा सेल काही तासांत संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांपेक्षा जास्त चाले. मला योकोईंचा निर्णय आजही थोर वाटतो.

मेमरीच्या बाबतीत तर कमालच होती. पडद्यापेक्षा मोठी, सरकती पार्श्वभूमी दाखवायची तर २५६ बाय २५६ ठिपके लागतात. प्रत्येक ठिपक्याला दोन बिट धरले तर १६ किलोबाइट झाले. चित्रासाठी मेमरी होती फक्त ८. मग चित्र साठवायचंच नाही, असं ठरलं. साठवायचे ते ८ बाय ८ ठिपक्यांचे छोटे तुकडे, म्हणजे टाइल, आणि कोणती टाइल कुठे लावायची याचा नकाशा. एक टाइल १६ बाइटची, ३८४ टाइलचे ६ किलोबाइट. उरलेल्या दोन किलोबाइटमध्ये दोन नकाशे.

सोलापुरात हे वेगळं समजावून सांगायला नको. पूर्व भागात जेकार्डवर चादर विणताना पुठ्ठ्याच्या कार्डांवरची भोकं सांगतात की कोणता उभा धागा उचलायचा. कार्डांची माळ संपली की पुन्हा पहिल्यापासून फिरते आणि तीच नक्षी पुढे उमटत जाते. अख्ख्या चादरीसाठी वेगळी कार्डं कोणी पंच करत बसत नाही. गेमची कॅसेट ही तशीच कार्डांची माळ आहे. ती दुसऱ्या मागावर चढवता येते, पण त्या मागाची बांधणी आणि चाल जुळायला हवी. क्लोन, म्हणजे नकली यंत्र, बनवणाऱ्याची सगळी कसोटी या जुळणीत आहे.

ती जुळवण्याची दुसरी वाट सॉफ्टवेअरची. ॲनबर्निक, मियू अशा चिनी कंपन्यांचे छोटे कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, खरं तर खिशातले लिनक्स कॉम्प्युटर आहेत. मियू मिनीचा प्रोसेसर १.२ गिगाहर्ट्झचा, गेम बॉयचा ४.१९ मेगाहर्ट्झचा, म्हणजे वेग जवळपास २८५ पट. इम्युलेटर नावाचा प्रोग्राम जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि तो प्रोसेसर जे करील ते करून दाखवतो. एका आज्ञेसाठी त्याला स्वतःच्या कितीतरी आज्ञा खर्चाव्या लागतात, तरी एवढ्या वेगात ते सहज निभावतं.

अवघड असतो तो वेळेचा मेळ. गेम बॉय पडद्यावरची एक ओळ आपल्या अंतर्गत घड्याळाच्या ४५६ टिकांमध्ये संपवतो आणि सेकंदाला ५९.७३ चित्रं दाखवतो. जुने प्रोग्रामर इतके धूर्त की चित्र अर्धं रंगवून झालेलं असताना मध्येच पार्श्वभूमी सरकवायचे. वर गुणफलक स्थिर, खाली रस्ता पळतोय, हा देखावा त्यातून यायचा. इम्युलेटरचा हिशेब काही टिकांनी चुकला की तो देखावा फाटतो. शिवाय नव्या पडद्याचा ठेका असतो ६०चा. साधारण दर पावणेचार सेकंदांनी एक चित्र दोनदा दाखवावं लागतं, नाहीतर आवाज खेचून जुळवावा लागतो.

जुन्या पडद्याचे दोषसुद्धा जपावे लागतात. गेम बॉयचा एलसीडी मंद होता, आधीच्या चित्राची सावली रेंगाळायची. काही गेम त्याचाच फायदा घेत एखादी आकृती एका चित्रात दाखवत आणि पुढच्यात लपवत. डोळ्याला ती पारदर्शक दिसे. आजच्या चपळ पडद्यावर तीच आकृती नुसती लुकलुकते, म्हणून इम्युलेटरमध्ये मुद्दाम दोन चित्रं मिसळण्याची सोय असते.

तिसरी वाट एफपीजीए चिपची. या चिपमधली अंतर्गत जोडणीच बदलता येते, त्यामुळे तिच्यात जुनं सर्किट पुन्हा उभं करता येतं. २०२१ मध्ये आलेला ॲनालॉग पॉकेट असा आहे. त्याचा पडदा १६०० बाय १४४०, गेम बॉयच्या बरोबर दहापट, म्हणजे मूळचा प्रत्येक ठिपका दहा बाय दहाचा नेटका चौकोन होतो. ६४० बाय ४८०च्या स्वस्त पडद्यावर हे जमत नाही. तिथे तिप्पट करून चौफेर काळी पट्टी सोडावी, चित्र ताणू नये, असं माझं ठाम मत आहे.

या यंत्रांची माहिती मिळवण्यासाठी लोकांनी काय काय केलं! गेम बॉय सुरू होताच आतला २५६ बाइटचा छोटा प्रोग्राम कॅसेटमधलं निन्टेन्डोचं बोधचिन्ह तपासतो आणि ते जुळलं नाही तर तिथेच थांबतो. काम झाल्यावर तो स्वतःला असं झाकून घेतो की बाहेरून वाचता येत नाही. २००३ मध्ये एका हौशी अभ्यासकाने चिपचं आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे सगळे २,०४८ बिट वाचून काढले.

यंत्राचं पेटंट २० वर्षांत संपतं, गेमचा कॉपीराइट मात्र कितीतरी पुढे चालू राहतो. डबीतल्या चारशे गेमांचे पैसे मूळ निर्मात्यांपर्यंत पोचत नाहीत, आणि हे मला खटकतं.

घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. या डब्यांत बऱ्याचदा जुन्या नोकिया फोनची बीएल-५सी जातीची लिथियम बॅटरी असते, ती नव्या पेठेतल्या मोबाईलच्या दुकानात मिळू शकते. आपल्या मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. साधी लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, तेव्हा पत्र्याखाली किंवा उभ्या गाडीत ही डबी चार्जिंगला लावून ठेवू नका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, बदलून टाका.

आणि मुलांना खेळण्यापलीकडे काही द्यायचं असेल तर जीबी स्टुडिओ हे फुकट सॉफ्टवेअर घरच्या कॉम्प्युटरवर टाकून द्या. फारसं कोडिंग न येताही त्यात गेम बॉयचा खराखुरा गेम बनतो आणि गेम बॉयचे गेम चालवणाऱ्या कन्सोलवर खेळता येतो. तयार होणाऱ्या गेमचे मालक आपणच. मराठीत करायचा तर सुरुवातीलाच एक सुरेख अडचण येते. इंग्रजी अक्षर एका टाइलमध्ये मावतं. देवनागरीला शिरोरेषा हवी, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, आणि आठ ओळींत एवढं बसत नाही. मग एका अक्षराला दोन टाइल एकाखाली एक लावायच्या, आणि ३८४ मधल्या किती टाइल अक्षरांना द्यायच्या आणि किती चित्रांना, याचा हिशेब कागदावर मांडायचा.