छप्पनियो, बाळसं आणि भुकेचं केंद्र

वडोदऱ्याच्या मराठी घरांत मधुमेहाचा विषय निघाला की कुणीतरी छप्पनियो काढतंच. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ. १८९१ च्या खानेसुमारीत गायकवाडी मुलखात २४ लाखांवर माणसं होती, १९०१ मध्ये साडेएकोणीस लाख उरली. पणजोबांनी उपास काढले म्हणून आपल्या रक्तात साखर, असा हिशेब रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात सहज मांडला जातो. ऐकायला तो पटतो. पण त्यात दोन वेगळे सिद्धांत एकाच पातेल्यात शिजलेले आहेत.

भूक पोटात लागते, पण ती ठरते मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस नावाच्या लहानशा भागात. १९४० मध्ये त्याला इजा केलेले उंदीर खाऊन खाऊन फुगले. १९५१ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या दोघांनी, त्यांतला एक भारतीय, त्याच भागाच्या बाहेरच्या बाजूला इजा केली, तर उंदरांनी समोरच्या अन्नाला तोंड लावलं नाही. हे केंद्र मुळात घडतं कधी, हा प्रश्न मात्र बराच काळ कुणी फारसा विचारला नाही.

आता त्या पातेल्याकडे. १९६२ मध्ये एका अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने ‘काटकसरी जनुका’ची कल्पना मांडली: ज्यांचं शरीर चरबी पटकन साठवतं ते दुष्काळात तगले, आणि सुबत्ता आल्यावर तोच गुण त्यांच्या वंशजांना बाधला. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, दोन ब्रिटिश संशोधकांनी तेच विशेषण घेतलं आणि अर्थ पार बदलला. त्यांच्या मते काटकसर करतो तो गर्भ. आईकडून कमी मिळालं की तो मेंदूला आधी पुरवतो, स्वादुपिंड (रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन इथेच तयार होतं) आणि स्नायूंच्या वाट्याला उरलेलं येतं, आणि ती तडजोड जन्मभर राहते. पहिल्या सिद्धांतात शेकडो पिढ्यांची निवड आहे, दुसऱ्यात एका बाईचे नऊ महिने. मराठीत दोन्हींना ‘काटकसरी’च म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला फरक कळायला जागाच राहत नाही.

छप्पनियोला पहिला सिद्धांत लावणं मला तरी ओढूनताणून वाटतं. चार-पाच पिढ्यांत जनुकांचा असा पालट व्हायला वेळच पुरत नाही. शिवाय त्या वर्षी गुजरातेत पटकीनेही माणसं मोठ्या संख्येने दगावली, आणि अंगावरची चरबी पटकीपासून कुणाला वाचवत नाही. दुसऱ्या सिद्धांताच्या बाजूचा पुरावा नेदरलँड्सचा आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे तिथला शहरी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. त्या काळात गर्भात असलेली मुलं एकोणीस वर्षांची होऊन लष्करी तपासणीला आली तेव्हा त्यांची वजनं मोजलेली होती. १९७६ मध्ये छापलेल्या निष्कर्षानुसार, गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या भागात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा जास्त होता, तर शेवटच्या महिन्यांत किंवा जन्मानंतर लगेच झालेल्यांत कमी. लोक तेच, दुष्काळ तोच, फरक फक्त महिन्यांचा. भूक सांभाळणारा मेंदूचा भाग त्या वेळी घडत असावा, अशी शंका त्या लेखकांनी तेव्हाच बोलून दाखवली होती.

त्या शंकेला आधार मिळायला २००४ उजाडलं. चरबीतून निघणारं लेप्टिन हे संप्रेरक ‘पोट भरलं’ असा निरोप मेंदूला देतं, हे १९९४ पासून माहीत होतं. उंदराच्या पिल्लांत जन्मानंतर थोड्याच दिवसांत ते एकदम वाढतं, पण पिल्लांचं दूध पिणं त्याने कमी होत नाही. मग ते वाढतं कशाला? भुकेच्या केंद्रातले मज्जातंतू एकमेकांपर्यंत पोचावेत म्हणून. लेप्टिन नसलेल्या पिल्लांत हे तंतू विरळच राहिले. लहानपणी लेप्टिन टोचलं तर जोडणी सुधारली, मोठेपणी टोचून फारसं साधलं नाही. माणसात ही जोडणी मुख्यतः जन्माआधी, बहुधा शेवटच्या तिमाहीत होत असावी. आपल्याकडे डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतात, त्याच सुमाराला. ज्यांनी प्रथा घातली त्यांना तंतू ठाऊक नव्हते, हे उघड आहे. आणि त्याच घरांत ‘बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल’ म्हणून सुनेला हात राखून वाढणारेही असतात.

आपल्या अधिक जवळचं काम पुण्याचं. १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा मागोवा घेतला गेला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. स्नायू आणि पोटातले अवयव त्याच मानाने लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळजवळ तेवढीच. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीदार! दिल्लीतल्या पाहणीत, २००४ साली छापलेल्या, तिशीच्या आसपास मधुमेह किंवा त्याची पूर्वअवस्था आलेले लोक दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि पुढे बालपणभर बरोबरीच्या मुलांपेक्षा जास्त वजन चढवत गेले होते. ‘पोराने छान बाळसं धरलंय’ हे कौतुक कोणत्या वयाचं आहे, यावर बरंच अवलंबून असतं. तान्ह्याचं बाळसं वेगळं, सातव्या वर्षी सुटलेलं पोट वेगळं.

पुण्याच्याच २००८ च्या निष्कर्षात गर्भारपणी रक्तात फॉलेट (फॉलिक आम्ल हे ज्याचं गोळीतलं रूप, ते जीवनसत्त्व) भरपूर आणि बी१२ हे जीवनसत्त्व कमी असलेल्या मातांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. शाकाहारी घरांत बी१२ येतं ते मुख्यतः दूध, दही, ताक यांतून. सरकारी दवाखान्यात गर्भवतीला लोह आणि फॉलिक आम्लाची गोळी नेमाने मिळते. बी१२ त्या गोळीत नसतं.