‘हिंदुस्तान’ जहाजातून उतरलेले पाहुणे

जावाच्या दक्षिणेला सुमारे ३५० किलोमीटरवर ख्रिसमस बेट आहे. बृहन्मुंबईत अशी तीन बेटं सहज मावतील. १८९७ मध्ये निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स अँड्र्यूज तिथे राहिले, तेव्हा सूर्य मावळला की जंगलातून उंदरांच्या झुंडी निघत. तंबूत शिरत, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून धावत, खाण्यासाठी सगळं उलथंपालथं करत. हा मॅक्लिअरचा उंदीर: तपकिरी अंग, पाठीवर लांब काळे केस, शेपटी अर्धी काळी आणि टोकाकडे पांढरी. झाडावर सरसर चढणारा.

बेटावर आणखी एक उंदीर होता, बुलडॉग उंदीर. तो बिचारा अगदीच मठ्ठ. झाडांच्या मुळांत बीळ करून राहायचा आणि उजेडात आणला की भांबावून जायचा.

दोघांपैकी आज एकही उरलेला नाही.

बेटावर फॉस्फेटच्या खाणी निघाल्या आणि जहाजांची ये-जा वाढली. १८९९ मध्ये ‘हिंदुस्तान’ नावाच्या जहाजातून काळे उंदीर किनाऱ्याला लागले. हे आपल्या ओळखीचेच, घराच्या आढ्यावर खुडबुडणारे. त्यानंतर थोड्याच वर्षांत बेटाच्या डॉक्टरला विचित्र दृश्य दिसू लागलं. एरवी रात्री हिंडणारे स्थानिक उंदीर दिवसाढवळ्या वाटेवर सरपटत होते, मरायला टेकलेले. परजीवीतज्ज्ञ हर्बर्ट डरहॅम यांना त्यांच्या रक्तात ट्रिपॅनोसोम हा एकपेशीय परजीवी आढळला. अँड्र्यूज १९०८ मध्ये पुन्हा आले. त्यांनी खूप शोधलं, पण एकही स्थानिक उंदीर हाती लागला नाही.

हा परजीवी पिसवांमार्फत पसरतो. काळ्या उंदरांना त्याचा फारसा त्रास होत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास आहे. बेटावरच्यांची मात्र त्याच्याशी कधी गाठच पडली नव्हती. जहाज, उंदीर, पिसू ही साखळी आपल्याला नवी नाही. त्याच दशकात, १८९६ पासून, मुंबईत प्लेगनं थैमान घातलं होतं. तिथे माणसं मेली, इथे उंदीर.

या परजीवीनंच स्थानिक उंदीर संपवले, हा डरहॅम यांचा तर्क शंभर वर्षं तर्कच राहिला. २००८ मध्ये संग्रहालयांत जपलेल्या कातड्यांमधून डीएनए काढून पाहिला गेला. काळे उंदीर येण्याआधीच्या नमुन्यांत परजीवीचा मागमूस नव्हता, नंतरच्या काहींत तो सापडला. सस्तन प्राण्याची एखादी जात रोगानं नामशेष झाली असं म्हणायला इतका भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. मला यात कौतुक वाटतं ते त्या वाळक्या कातड्या जपून ठेवणाऱ्यांचं.

गोष्ट इथेच संपायची, पण २०२२ मध्ये मॅक्लिअरच्या उंदराचा जवळपास ९५ टक्के जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकीय आराखडा, जुळवण्यात आला. जनुकं बदलून त्याला परत आणता येईल का, हे तपासण्यासाठी. उरलेले पाच टक्के काही केल्या जुळेनात. त्यांतली बरीच जनुकं वास घेण्याची आणि रोगप्रतिकाराची निघाली.

आणि काळे उंदीर अजून बेटावरच आहेत.