झिरकॉन आणि ग्रॅनाइटची घडण

झिरकॉन हे झिरकोनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन मिळून झालेलं एक बारीक खनिज. ग्रॅनाइटमध्ये ते जवळजवळ नेहमीच असतं पण दगड हातात घेऊन बघितला तर दिसत नाही, कारण एकेक स्फटिक बहुतेकदा मिलिमीटरच्या विसाव्या भागापासून पाव मिलिमीटरपर्यंतच भरतो. तरीपण ग्रॅनाइट कसा तयार झाला, कशापासून झाला आणि व्हायला किती काळ लागला हे सांगायला याच्याएवढं भरवशाचं खनिज दुसरं नाही.

गोव्यात ग्रॅनाइट बघायचा तर दक्षिणेकडे जायचं. बाकी बऱ्याच ठिकाणी वर जांभ्याचा थर, आपण घराला वापरतो ते चिरे त्याचेच, त्यामुळे खालचा मूळ दगड झाकलेला असतो. पण काणकोणात पाळोळे, आगोंदच्या किनाऱ्यावर जे मोठमोठे गोलसर खडक आहेत तो ग्रॅनाइटच, काणकोण ग्रॅनाइट म्हणूनच तो ओळखला जातो, आणि जवळून बघितलं तर त्यात फेल्डस्पार या फिकट रंगाच्या खनिजाचे मोठे स्फटिक सहज दिसतात. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावरचा दगड ग्रॅनाइट नाइस आहे, म्हणजे ग्रॅनाइटसारखाच पण दाब आणि उष्णतेने पट्टे पडलेला. अनमोड घाटातला नाइस या सगळ्यांत जुना, रुबिडियमचं हळूहळू स्ट्रॉन्शियम होतं त्यावरून वय काढायच्या रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने त्याचं वय साधारण 340 कोटी वर्षं काढलंय, त्यात 14 कोटी इकडेतिकडे धरायचे. एवढी मोठी चूक-मर्यादा का, तर ती पद्धत अख्ख्या दगडावर चालते आणि दगड नंतर पुन्हा तापला, त्यातून पाणी खेळलं की हिशोब बिघडतो. झिरकॉनचं तसं नाही.

झिरकॉनचा स्फटिक वाढताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज आत जे शिसं सापडतं ते युरेनियमच्या क्षयातून, म्हणजे ते आपोआप मोडत जाऊन, तिथल्या तिथे तयार झालेलं. शिवाय घड्याळं दोन आहेत, युरेनियम-238 चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं मोडायला लागणारा काळ, सुमारे 447 कोटी वर्षं आणि युरेनियम-235 चं सुमारे 70 कोटी, दोन्हींचं वय एकच आलं तर आकडा पक्का आणि नाही आलं तर कधीतरी शिसं बाहेर गळलंय हे लगेच कळतं. 900 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं तरी धड झिरकॉनमधून शिसं सहसा हलत नाही. गळतं ते जास्त युरेनियम असलेल्या दाण्यांतून, कारण किरणोत्सर्गाने त्यांची आतली रचना मोडत जाते, म्हणून मोजण्याआधी असे खराब भाग ॲसिडने काढून टाकायची पद्धत आता रूढ झालीय.

ग्रॅनाइटवरचा वाद जुना आहे. 1785 साली जेम्स हटन या भूशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्टमध्ये ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकात घुसलेल्या बघितल्या आणि हा दगड कधीतरी वितळलेला होता असं ठामपणे मांडलं, पण विसाव्या शतकातसुद्धा काही भूशास्त्रज्ञ म्हणत होते की जुना खडक न वितळताच हळूहळू बदलून ग्रॅनाइट होतो. 1958 मध्ये टटल आणि बोवेन या शास्त्रज्ञांचे प्रयोगशाळेत ग्रॅनाइटची घटकद्रव्यं वितळवून बघायचे प्रयोग प्रसिद्ध झाले आणि शिलारसाची, म्हणजे ग्रॅनाइट वितळलेल्या दगडापासून होतो या मताची, बाजू भक्कम झाली. मात्र वितळलं ते नेमकं काय हा प्रश्न उरलाच, आणि तिथे झिरकॉन कामाला आला.

जुना खडक खोलवर वितळतो तेव्हा त्यातले सगळे झिरकॉन विरघळतातच असं नाही. काही तसेच राहतात आणि नवीन शिलारस थंड होताना त्यांच्यावर नवीन झिरकॉनचा थर चढतो. दाणा कापून, घासून इलेक्ट्रॉनच्या झोताखाली धरला की तो उजळतो आणि मधला जुना गाभा, भोवतीची फिकट-गडद वलयं असं सगळं स्पष्ट दिसतं. मग वीस-तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ठिपका निवडून गाभ्याचं वय वेगळं आणि कडेचं वेगळं मोजायचं. हे शक्य झालं ते ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत विल्यम कॉम्प्स्टन आणि सहकाऱ्यांनी श्रिम्प हे आयनांच्या झोताने एवढ्याशा ठिपक्यातले अणू मोजणारं यंत्र उभारल्यानंतर. आग्नेय ऑस्ट्रेलियात साधारण 40 ते 43 कोटी वर्षांपूर्वीचे ग्रॅनाइट आहेत, त्यातल्या काहींच्या झिरकॉनमध्ये 50 कोटी आणि 100 कोटी वर्षांच्या आसपासचे गाभे भरपूर मिळाले, म्हणजे जुन्या डोंगरांची झीज होऊन समुद्रात साचलेला गाळ खोल गाडला गेला, वितळला आणि त्याचा ग्रॅनाइट झाला. मला तरी या सगळ्या विषयातली ही सगळ्यात थोर गोष्ट वाटते.

ही झाली गाळापासूनची एक जात. त्याच भागातले दुसऱ्या जातीचे ग्रॅनाइट जुन्या अग्निजन्य, म्हणजे शिलारस थिजून झालेल्या, खडकांपासून झाले असं 1974 पासून चॅपल आणि व्हाइट या भूशास्त्रज्ञांच्या वर्गीकरणामुळे मानलं जायचं. पुढे झिरकॉनमधला ऑक्सिजन आणि हॅफनियम हा धातू यांचे आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, मोजले गेले. मँटलमधून, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरातून, थेट आलेल्या शिलारसातल्या झिरकॉनमध्ये ऑक्सिजनचा आकडा (जड ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यापेक्षा हजारात किती जास्त ते) 5.3 च्या आसपास येतो, आणि पृष्ठभागावर पाण्याने बदललेली माती किंवा गाळ मिसळला की तो वर जातो. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात असं दिसलं की या ग्रॅनाइटमध्येसुद्धा गाळाचा वाटा आहे, मँटलमधून आलेला शिलारस आणि वितळलेला गाळ यांचं ते मिश्रण. म्हणजे ग्रॅनाइटच्या दोन जाती आपण समजतो तेवढ्या वेगळ्या नाहीत.

वेळेचं गणितही झिरकॉननेच बदललं. पूर्वी समज असा की जमिनीखाली शिलारसाचं एक प्रचंड कुंड भरतं आणि सगळं एकदम थंड होतं. कॅलिफोर्नियात योसेमिटीजवळच्या तुओलमी ग्रॅनाइटसमूहातले झिरकॉन मोजले तर वयं साडेनऊ कोटींपासून साडेआठ कोटींपर्यंत पसरलेली निघाली, म्हणजे जवळपास एक कोटी वर्षं, आणि एवढा वेळ एखादं कुंड वितळलेलं राहूच शकत नाही. आपल्याकडे बेबिंक करताना एक थर भाजून झाल्याशिवाय दुसरा ओतत नाहीत, तसंच थोडा थोडा शिलारस येत गेला, थिजत गेला आणि त्यातून एवढा मोठा ग्रॅनाइट साठला असं 2004 नंतर बरेच जण मानायला लागले, थर मात्र तिथे बेबिंकसारखे सरळ नसतात.

तापमानही कळतं. झिरकॉनमध्ये टायटॅनियम किती गेलं हे स्फटिक किती गरम शिलारसात वाढला त्यावर ठरतं, ग्रॅनाइटमध्ये बहुतेकदा 650 ते 800 अंशांच्या दरम्यानचे आकडे येतात. आणि इथेच एक सावधगिरी लागते. शिलारस जास्त गरम असेल तर जुने गाभे पूर्ण विरघळून जातात, त्यामुळे गाभा नाही सापडला म्हणून तो ग्रॅनाइट जुन्या खडकाचा नाहीच असं म्हणता येत नाही, तेव्हा हॅफनियम आणि ऑक्सिजनकडे वळावं लागतं.

नमुना घेताना ताजा, न कुजलेला दगड लागतो, तो फोडून, भुगा करून जड खनिजं वेगळी काढतात, चुंबकाने लोहाची खनिजं बाजूला करतात आणि उरलेल्यातून मायक्रोस्कोपखाली झिरकॉन एकेक करून वेचतात. किनाऱ्यावरच्या काळ्या रेतीतही झिरकॉन मिळतात, केरळात चवऱ्याला तर त्यांचं उत्पादनच होतं, पण रेतीतला दाणा कुठल्या खडकातून आला ते सांगता येत नाही. आणि झिरकॉनचं वय म्हणजे तो स्फटिक वाढला तेव्हाचं वय, ग्रॅनाइट पूर्ण थिजला त्याच्या लाखो वर्षं आधीचंही असू शकतं, म्हणून कुठला खडक कुठल्यात घुसलाय, कोणी कोणाला कापलंय हे आधी जागेवर जाऊन बघावंच लागतं.